साच्यावरचं नाव

फेब्रुवारीत आला तो, बुटांना मादों नदीचा चिखल.
"तसलीच पाहिजे," म्हणाला.
कसली, ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही.
मिरकूर गावात तीन पिढ्या लाकूड कापतोय आम्ही,
एवढं तरी कळतं :
याच्या घरातले मानूश लोक
गेलेल्याचं नाव तोंडावर आणत नाहीत.
त्याचं चाकांवरचं घर जाळतात,
कोट जाळतात,
गिटार असेल तर गिटारही.

ती मीच केली होती.
अकरा आठवडे लागले होते.
जळायला किती लागले असतील?
स्प्रूस सुका, सरस सुका. पाव तास, फार तर.

माळ्यावरून फळी काढली. ज्युराचा स्प्रूस,
नऊ हिवाळे वाळलेला.
टिचकी मारली की रिकाम्या कपासारखा बोलतो.
रंधा मारत गेलो, दोन मिलिमीटर आणि वर एक केस,
ढलप्या इतक्या पातळ की बाल्दोने एक उचलली
आणि तिच्यातून खिडकीकडे बघत बसला.

(बाल्दो त्याचं नाव. जिवंत माणसाचं घ्यायला हरकत नाही.)

मग तापलेली नळी, ओलं फडकं.
घोडी जिथे बसणार, तिच्या किंचित मागे
फळीला घडी घालायची, पण मोडू द्यायची नाही.
वाकताना लाकूड आतल्या आत कण्हतं.
वडील म्हणायचे, ते ऐकू आलं की थांबायचं नाही.
पन्नास वर्षं झाली, मी अजून थांबतो.

पाठीला शिसव, तीन पापुद्रे एकावर एक चिकटवून.
हिंदुस्थानातलं, मार्सेयच्या धक्क्यावर उतरलेलं.
कुठल्या रानातलं, कोणी तोडलं,
बिलावर तसलं काही नसतं.

दर गुरुवारी यायचा. पाव खायचा, तुकडे वेचायचा.
बोललाच तर कामाचं :
तोंड लहान ठेवा, लंबगोल.
मान अक्रोडाची.
पोटात आडव्या पट्ट्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या, पाच.
स्वर अकॉर्डियनच्या भिंतीतून पलीकडे जायला हवा,
तारेत वीज न घालता.
लग्नात चारशे माणसं असतात आमच्याकडे,
आणि सगळी एकदम बोलतात.

हे सगळं मला ठाऊक होतं.
हेच, याच क्रमाने, याच खुर्चीवरून
मी एकदा ऐकलं होतं.

साचा भिंतीवर टांगलेला. त्याच्या कडेला माझ्या पेन्सिलीने
६७०, एक बाण, आणि एक नाव.
पहिल्या दिवशीच उलटा करायला हवा होता.
बाल्दोने वाचलं.
उठला, बाहेर गेला, थंडीत दोन सिगरेटी ओढल्या,
परत आला तेव्हा खुर्ची त्याने
दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून ठेवली.

त्या रात्री सँडपेपर घेतला.
शिसं गेलं. खाच राहिली.
मी दाबून लिहितो, वाईट खोड आहे.
अंधारात बोट फिरवलं तर अजून सहा अक्षरं लागतात.

मे महिन्यात तारा चढवल्या.
पितळी शेपूट, घोडीच्या दोन बाजूंना काळ्या लाकडाच्या मिशा.
त्याने सूर लावले, घाई न करता,
मग उजवा हात एकदाच खाली आणला,
ढोल नसताना ढोलाचं काम करणारा तो ठोका,
तुटक, कोरडा,
कपाटातल्या काचा थरथरल्या.

मान वाकडी करून ऐकत राहिला.
"अजून लाजते."
"दहा वर्षं लागतील," मी म्हणालो.
"असू दे. लहान आहे."

घोंगडीत गुंडाळली. नोटा मोजल्या, एक जास्त ठेवली,
परत दिली तर घेतली नाही.
पावतीवर काय नाव घालू?
"माझं."

ती गेल्यावर साचा उतरवला.
घासलेल्या जागेच्या खाली
६७०, बाण,
आणि बाल्दो.
या वेळी हात हलका ठेवला.